बिल चुकतं केलं म्हणून सोर्स कोड आपला होत नाही

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत एक समज घट्ट बसलाय: बाहेरच्या व्हेंडरकडून सॉफ्टवेअर करून घेतलं, पूर्ण पैसे दिले, की सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ प्रोग्राम) आणि डॉक्युमेंटेशन (त्याची माहितीची कागदपत्रं) आपोआप आपलं. तसं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामही साहित्यकृतीत मोडतो आणि कलम १७ नुसार त्याचा पहिला मालक तो लिहिणारा. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिला तर, वेगळं ठरलेलं नसेल तर, मालकी कंपनीची. बाहेरच्या कंत्राटदाराला हे लागू नाही. हक्क हवेत तर कलम १९ प्रमाणे लेखी, सही केलेला करार लागतो. त्यात मुदत घातली नसेल तर हस्तांतर पाचच वर्षांचं धरतात. (हे कलम व्हेंडर आपणहून कशाला सांगेल?)

डॉक्युमेंटेशन तर पीओत (खरेदीच्या लेखी ऑर्डरमध्ये) लिहाल तेवढंच मिळणार. मोघम लिहिलंत तर स्क्रीनशॉट चिकटवलेलं मॅन्युअल हातात पडतं. डेटाबेसची रचना, इन्स्टॉलेशनच्या पायऱ्या, सर्व्हरचे पासवर्ड, बॅकअप परत कसा चढवायचा, हे नावानिशी मागा. निव्वळ त्या कागदांवरून तिऱ्हाईत माणसाने कोऱ्या मशीनवर सॉफ्टवेअर चालवून दाखवलं, की मगच शेवटचा हप्ता सोडा.