८०८५ की झेड-८०? एआयकडून असेंब्ली घेताना होणारी गफलत

सोलापुरातल्या पॉलिटेक्निकच्या किंवा इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेतलं मायक्रोप्रोसेसर किट बहुतेक वेळा इंटेलच्या ८०८५ चिपचं असतं. कुणाच्या माळ्यावर जुना झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक निघाला, तर त्यात असतो झायलॉग कंपनीचा झेड-८०. दोन्ही चिप १९७६ च्या, दोन्ही ४० पायांच्या आणि दोन्हींचं मूळ इंटेलच्या १९७४ च्या ८०८० मध्ये. ८०८० चे २४४ कोड, म्हणजे सूचनांचे आकडे, दोघांनाही कळतात. त्यामुळे असेंब्लीत, म्हणजे चिपच्या सूचना छोट्या नावांनी लिहायच्या भाषेत, एआयनं अर्धा याचा नि अर्धा त्याचा प्रोग्राम दिला, तरी तो दिसायला ठीकच दिसतो. कधी कधी चालतोही, आणि खरी अडचण तीच आहे.

नुसतं ‘असेंब्लीत लिहून दे’ म्हटलं की सरमिसळ व्हायची शक्यता वाढते. कारण कोड तेच असले तरी झायलॉगनं सूचनांची नावं बदलली. इंटेलचं ‘मूव्ह ए, एम’ झायलॉगकडे ‘एलडी ए, (एचएल)’ होतं. बाइट मात्र तोच, हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) ७ई. अशी नावं वेगळी असतात तिथे असेंब्लर (नावांचे कोड करणारा प्रोग्राम) लगेच ओरडतो, म्हणून ती चूक स्वस्तात सुटते. महागात पडतात ती दोन्हीकडे असलेली, पण अर्थ वेगळा असलेली नावं.

अशी दोन नावं पाठच करून ठेवावीत. पहिलं ‘जेपी’. झेड-८० मध्ये नुसतं जेपी म्हणजे बिनशर्त उडी, कोड सी३. ८०८५ मध्ये जेपी म्हणजे साइन फ्लॅग (निकाल ऋण आला की एक होणारी खूण) शून्य असेल तरच उडी, कोड एफ२; बिनशर्त उडीला तिथे ‘जेएमपी’ लागतं. एआयनं ८०८५ च्या बेरजेत शेवटी जेपी टाकलं, तर ०५ आणि ०३ देऊन तपासल्यावर उत्तर बरोबर येतं. बेरीज ८०एच ते एफएफएचच्या दरम्यान आली (एच म्हणजे हेक्स) की उडी होत नाही आणि प्रोग्राम पुढच्या रिकाम्या मेमरीत भरकटतो. मुलं मग किटच्या कीपॅडवर संशय घेतात.

दुसरं ‘सीपी’. झेड-८० मध्ये ‘सीपी २०एच’ म्हणजे ए रजिस्टरची (चिपमधल्या एका बाइटच्या कप्प्याची) २०एचशी तुलना: एफई २०, दोन बाइट. ८०८५ चा असेंब्लर तीच ओळ ‘धन असेल तर कॉल’ अशी वाचतो: एफ४ २० ००, तीन बाइट. म्हणजे तुलना राहिली बाजूला, प्रोग्राम थेट ००२०एचवर, मॉनिटर रॉमच्या, म्हणजे किट चालवणाऱ्या कायमच्या प्रोग्रामच्या, हद्दीत घुसतो. इथे हवं ‘सीपीआय २०एच’.

आता एका बाइटच्या २५६ पैकी उरलेले १२ कोड. ८०८० नं रिकामे सोडलेले हे कोड झेड-८० नं सगळे वापरले. ८०८५ नं अधिकृतपणे दोनच घेतले: २० म्हणजे रिम, ३० म्हणजे सिम. झेड-८० मध्ये त्याच जागी दोन बाइटच्या सापेक्ष उड्या (आहे तिथून अमुक अंतर पुढे-मागे) आहेत. बाकीचे दहा ८०८५ च्या मॅन्युअलमध्ये नाहीत, पण चिपमध्ये काहीतरी करतातच. उदाहरणार्थ ‘१० एफई’ हा झेड-८० चा छोटासा डिले: बी रजिस्टर शून्य होईपर्यंत जागच्या जागी फिरायचं. ८०८५ किटमध्ये तेच भरलं, तर १० मुळे एचएल या रजिस्टर-जोडीतले बिट उजवीकडे सरकतात आणि एफई ही तुलनेची सूचना समजून पुढचा बाइटही गिळला जातो. एका नक्षीची जकार्ड कार्डं दुसऱ्या बांधणीच्या मागावर चढवावीत तसं: माग थांबत नाही, चादर भलतीच निघते.

फ्लॅगचा फरक याहून छुपा. ईए हा कोड दोन्हीकडे पॅरिटी फ्लॅग एक असेल तर उडी घेतो. पण बेरजेनंतर झेड-८० त्या फ्लॅगमध्ये ओव्हरफ्लो (चिन्हासह धरलेलं उत्तर आठ बिटांत मावलं नाही) ठेवतो, ८०८५ पॅरिटी (उत्तरात एक असलेले बिट सम आहेत). ७एफ अधिक ०१ म्हणजे ८०: झेड-८० उडी घेईल, ८०८५ घेणार नाही. ०१ अधिक ०२ ला नेमकं उलटं. उत्तर दशमान अंकांत नीट करणाऱ्या ‘डीएए’ सूचनेचंही तसंच. बीसीडीत (दर चार बिटांत एक दशमान अंक) ४२ वजा १५ केल्यावर डीएएनं झेड-८० २७ देतो, ८०८५ ३३. कारण आधी वजाबाकी झाली होती याची नोंद ८०८५ ठेवत नाही.

डिलेचं गणित एआयला सांगाल, तर क्रिस्टलचा आकडा जपून द्या. ८०८५ आत क्रिस्टलच्या निम्म्या वेगानं चालतो: ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, ३.०७२ चा क्लॉक. डीसीएक्स डी, मूव्ह ए-डी, ओआरए ई, जेएनझेड हा फेरा ६+४+४+१० असे २४ टी-स्टेट, म्हणजे क्लॉकचे ठोके, घेतो. अर्ध्या सेकंदाला ६४,००० फेरे, म्हणजे डीई या रजिस्टर-जोडीत एफए००एच. उत्तरात १,२८,००० दिसले, तर एआयनं निम्मं करायचं विसरलं असं समजा; ती संख्या १६ बिटांत बसतही नाही.

विचारताना प्रोसेसर, असेंब्लरचं नाव, प्रोग्राम कुठून सुरू होतो, मोकळी रॅम कुठून कुठपर्यंत आणि डिस्प्ले-कीपॅडच्या मॉनिटर रूटीनचे पत्ते एवढं मॅन्युअलमधून उतरवून द्यावं. शेवटचं वगळू नका; पत्ता दिला नाही तर एआय बिनधास्त स्वतःच्या मनानं टाकतं. हेक्स मात्र त्याच्याकडून घेऊ नये. बाइट मोजण्यात आणि उडीचं अंतर काढण्यात ते चुकतं, ते काम असेंब्लरचं. ८०८५ साठी जीएनयूसिम८०८५ सिम्युलेटरवर आणि स्पेक्ट्रमसाठी फ्यूज एम्युलेटरवर आधी चालवून, ८०एचच्या वरच्या संख्या देऊन, मगच किटमध्ये भरावं. भरलेलं हेक्स कागदावर असू द्या, लाइट गेली की रॅम कोरी.

चिप बदलून बघायचा मोह झाला तर तो आवरा. ८०८५ ला ५ व्होल्ट ४० व्या पायावर आणि ग्राउंड २० व्या. झेड-८० ला ते ११ आणि २९ वर. शिवाय ८०८५ चा डेटा आणि खालचे आठ ॲड्रेस एकाच तारांवरून येतात, म्हणून बोर्डावर ॲड्रेस धरून ठेवणारा ७४३७३ लॅच असतो. झेड-८० ला तो लागत नाही.