गीता ऐकूनही अर्जुनाचा हात का थांबत होता

अर्जुन म्हटलं की डोळ्यासमोर एकच सीन येतो, दोन सैन्यांच्या मधे रथ उभा, तोंडाला कोरड, अंग थरथरतंय, हातातून गांडीव निसटतंय. मग गीतेचे अठरा अध्याय, "नष्टो मोहः" (माझा मोह गेला), आणि गडी लढायला तयार. आपल्या मराठीत हे जास्तच पक्कं बसलंय, कारण टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं, 1915 साली आलेलं गीतारहस्य अर्जुन शेवटी लढायला उठला यावरच कर्मयोग उभा करतं. पण महाभारत पुढे वाचत गेलं की कळतं, त्याची मारायची नको-नको काही संपलेली नव्हती.

मुळात ती सुरूही गीतेत झाली नाही. विराटपर्वात अज्ञातवासातला बृहन्नडेचा वेश टाकून तो कौरवांसमोर येतो तेव्हा द्रोणांच्या पायाशी दोन बाण टाकून आधी नमस्कार करतो, वर सांगतो की तुम्ही पहिला वार केल्याशिवाय मी करणार नाही. लढतो जोरात, माणसंही मारतो, पण शेवटी संमोहन अस्त्राने मोठमोठ्यांना बेशुद्ध करून सोडून देतो. म्हणजे हा भित्रेपणा नव्हेच, त्याचा हात अडतो तो फक्त आपल्या माणसांपाशी. ज्ञानेश्वरांनी हे अचूक पकडलंय (ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे इ.स. 1290), पहिल्याच अध्यायात ते भुंग्याचा दाखला देतात, कसलंही कोरडं लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकतो, तिथे जीव देईल पण पाकळी चिरणार नाही. मला तर अर्जुनाबद्दल इतकं खरं कोणी बोललेलं माहीत नाही.

आता गीतेनंतरचं बघा. युद्धाचा तिसरा दिवस, भीष्म पांडवांचं सैन्य कापत सुटलेत आणि अर्जुन त्यांच्याशी हलक्या हाताने लढतोय, ते बघून कृष्णाचा संयम सुटतो, न लढायचं ठरवलेला माणूस चक्र घेऊन रथातून उडी मारतो, अर्जुन मागे धावतो आणि दहाव्या पावलाला त्याचे पाय धरून त्याला थांबवतो. नवव्या दिवशी परत तेच, यावेळी कृष्णाच्या हातात घोड्यांचा चाबूक. ज्याने गीता सांगितली त्यालाच दोनदा रथाखाली उतरावं लागलं!

आणि त्याच नवव्या दिवसाची रात्र. भीष्मांना पाडायचं कसं ते स्वतः भीष्मांनीच सांगितलंय, आणि अर्जुन कृष्णाजवळ बोलत बसतो, की लहानपणी मी धुळीने माखलेल्या अंगाने त्यांच्या मांडीवर चढायचो, त्यांना बाबा म्हणायचो आणि ते म्हणायचे, अरे मी तुझा बाबा नाही, तुझ्या बाबांचा बाबा आहे, त्यांना मी कसं मारू, मारू देत त्यांना माझं सैन्य, मी नाही लढणार. हा भाग वाचताना मला दरवेळी थांबावं लागतं. दुसऱ्या दिवशी, ज्याच्यावर भीष्म शस्त्र चालवणार नव्हते त्या शिखंडीला पुढे ठेवून अर्जुन त्यांना पाडतो.

गीता मागाहून महाभारतात घातली गेली असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे, त्यामुळे कोणी म्हणेल की पुढच्या कथेला ती ठाऊकच नाही. असेलही. पण मग आश्वमेधिक पर्वातली अनुगीता बघा, तिला गीता चांगली ठाऊक आहे, आणि तिथे युद्ध संपल्यावर इंद्रप्रस्थात अर्जुन सरळ म्हणतो, तू रणात जे सांगितलंस ते मी विसरलो, परत सांग. कृष्ण वैतागतो, म्हणतो ते आता तसंच्या तसं सांगता येणार नाही.

मधल्या काळात अभिमन्यू गेल्यावर सिंधुराज जयद्रथाला मारायची त्याने प्रतिज्ञा केली, ती पुरीही केली, तिथे हात अजिबात अडला नाही. पण पुढे अश्वमेधाच्या घोड्यामागे तो सिंधूंच्या देशात जातो, लढाई जुंपते, आणि त्याच जयद्रथाची बायको, म्हणजे कौरवांची बहीण दुःशला, तान्ह्या नातवाला रथात घेऊन रडत समोर येते. तिचा मुलगा सुरथ, अर्जुन आलाय हे नुसतं ऐकूनच त्याने प्राण सोडलेला. अर्जुन तिला बघतो आणि धनुष्य खाली ठेवतो. कुरुक्षेत्रावर ते हातातून निसटत होतं, इथे त्याने आपणहून ठेवलं, आणि यावेळी त्याला ते परत उचलायला कोणी सांगितलं नाही.