कोळंबी कुजवली म्हणजे सायकल "नॅचरल" होते का?

नवीन फिश टँक मासे न टाकता सायकल करायचा (म्हणजे विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया आधी वाढवून घ्यायचे) म्हटलं की कोणीतरी सांगतंच, बाटलीतला अमोनिया केमिकल आहे, त्यापेक्षा कोळंबीचा तुकडा किंवा फिशफूड कुजू दे, तेच नॅचरल. नाही हो. बॅक्टेरियाला अमोनिया कुठून आला याच्याशी काही घेणंदेणं नसतं, रेणू तोच, नायट्रोसोमोनास त्याचं नायट्राइट करतो आणि नायट्रोस्पिरा पुढे नायट्रेट.

फरक पडतो तो मोजमापात. कोळंबी किती अमोनिया सोडेल आणि कधी, हे आधी कळत नाही, वर बुरशी, फॉस्फेट, गढूळ पाणी आणि वास (घरच्यांचा पेशन्स संपतो तो वेगळाच). अमोनियम क्लोराइडचं (पाण्यात अमोनिया देणारा क्षार) तसं नाही, १०० लिटर पाण्याला साधारण ०.६ ग्रॅम टाकलं की अमोनिया २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) होतो, टेस्ट किटने बघायचं, शून्यावर आला की परत तेवढंच. आणि जास्त टाकलं तर लवकर होईल असं पण नाही, ५ पीपीएमच्या वर गेलं तर उलट सायकल रखडू शकते.

साफसफाईचा लिक्विड अमोनिया? चालतो, पण फक्त सुगंध, रंग, साबण नसलेला. बाटली हलवून बघा, फेस तसाच टिकून राहिला तर त्यात डिटर्जंट आहे, टँकमध्ये नको. फिशफूडने सायकल होतच नाही असं मी म्हणत नाही, होते, फक्त अंदाजपंचे.