काजूच्या मोसमातला ताप: माकडताप की डेंगी?

फेब्रुवारी ते मे हे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूचे दिवस. डोंगरावर पडलेले बोंडू वेचावेत, बी पिळून वेगळी करावी आणि दमल्यावर तिथेच पाचोळ्यावर टेकावे, असा दिनक्रम असतो. त्या पाचोळ्यात मोहरीएवढी गोचिडीची पिल्ले असतात आणि त्यांचा चावा बहुधा कळतही नाही. आठवडाभरात सणसणून ताप येतो, डोके फुटायला होते, अंग मोडून येते आणि घरचे म्हणतात, ‘डेंगी असेल.’ प्रत्यक्षात तो गोचिडीच्या चाव्यातून होणारा माकडताप असू शकतो.

हा गैरसमज अडाणीपणाचा नव्हे. दोन्ही विषाणू एकाच कुळातले असून दोन्हींत प्लेटलेट्स घटतात आणि हिरड्यांतून रक्त येऊ शकते, त्यामुळे केवळ रक्तपेशींच्या अहवालावरून निवाडा होत नाही. डेंगी मात्र एडिस डास पसरवतो. तो घराभोवतीच्या टाकीत, करवंटीत साचलेल्या पाण्यात वाढतो आणि गोव्यात पावसाळ्यात व त्यानंतर जोर धरतो. माकडताप १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूर जंगलात ओळखला गेला आणि २०१५ साली सत्तरीत त्याचा उद्रेक झाला. तो माणसाकडून माणसाला होत नाही. म्हणूनच रुग्णाला ‘ताप कधीपासून?’ याआधी ‘रानात गेला होतात का?’ असे विचारायला हवे, असे मला वाटते, कारण डेंगीची चाचणी निगेटिव्ह आली की ‘साधा व्हायरल’ म्हणून घरी पाठवणे सोपे असते. माकडतापासाठी सुरुवातीच्या दिवसांत वेगळी पीसीआर चाचणी (रक्तात थेट विषाणूचा अंश शोधणारी) लागते.

परिणामांतही फरक आहे. डेंगीत ताप उतरतानाचे एक-दोन दिवस धोक्याचे असतात. माकडतापात दहा ते वीस टक्के रुग्णांना बरे वाटल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ताप, कंप, भ्रम अशी लक्षणे होतात आणि एकूण रुग्णांपैकी तीन ते पाच टक्के दगावतात. त्यावर नेमके औषध नाही.

गावडा, कुणबी, वेळीप या गोव्यातल्या समाजांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांतील अनेकांची वर्षभराची रोकड याच मोसमावर अवलंबून असते. (बागायतदार आजारी पडला तर मजूर लावतो, मजूर पडला तर त्याचा मोसमच बुडतो.) त्यांना ‘रानात जाऊ नका’ सांगून भागत नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, उघड्या त्वचेला गोचीडरोधक तेल लावावे, घरी येताच गरम पाण्याने आंघोळ करून कपडे उकळावेत आणि मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे, कारण त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच आसपास पसरतात.