‘इलेक्टिव्ह’ या एका शब्दाचा घोळ

मार्च २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात रुग्णालयांना केंद्राची सूचना आली : अत्यावश्यक नसलेल्या इलेक्टिव्ह शस्त्रक्रिया पुढे ढकला. खाटा आणि व्हेंटिलेटर कोविडसाठी राखायचे, हा हेतू रास्तच होता. घोळ झाला तो ‘इलेक्टिव्ह’ या शब्दाने. ऑपरेशन थिएटरमध्ये त्याचा अर्थ एवढाच की, आधी तारीख ठरवून केलेली. मोतीबिंदू त्यात येतो आणि स्तनातली किंवा गालातली गाठही त्यातच येते. कॅन्सरची बहुतेक ऑपरेशनं अशी तारीख देऊनच होतात. पण बोलताबोलता या शब्दाचा अर्थ ‘ऐच्छिक’ असा झाला. ‘अत्यावश्यक’ काय, हे ज्याचं त्याने ठरवलं.

शस्त्रक्रिया लांबवणाऱ्यांची भीती खोटी नव्हती. चीनमधल्या सुरुवातीच्या अहवालांत कर्करुग्णांचा कोविड जास्त गंभीर होत असल्याचं दिसत होतं. तरी मुंबईतल्या एका मोठ्या कर्करोग रुग्णालयाने २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात ४९४ नियोजित शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांतला एकही रुग्ण दगावला नाही. माझ्या लेखी त्या दिवसांतला सगळ्यात मोलाचा आकडा हाच. देशातल्या ४१ कर्करोग केंद्रांचा हिशेब मात्र उलटा होता : मार्च ते मे २०१९ मध्ये मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० झाल्या होत्या, पुढच्या वर्षी त्याच तीन महिन्यांत ८,६७७. नव्या रुग्णांची नोंदणी १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली. शस्त्रक्रिया ४ आठवडे लांबली की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, हे त्याच वर्षअखेरीस प्रसिद्ध झालं.

कॅन्सरचं निदान तर त्याआधीच अडलं होतं. तोंडाची तपासणी ३० ते ६५ वयाच्या सर्वांसाठी आणि स्तन व गर्भाशयमुखाची त्याच वयाच्या स्त्रियांसाठी २०१६ मध्येच ठरली होती, पण ती नीट रुळलीच नव्हती. तोंडाची तपासणी म्हणजे टॉर्च मारायचा, गाल ओढून धरायचा आणि आत पांढरा-लाल चट्टा आहे का ते बघायचं. मास्कच्या दिवसांत तोंड उघडायला लावणार कोण? लोकांना तपासणीला बोलावून आणणाऱ्या आशाताई तर ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरत होत्या.

मुंबईत १५ जून २०२० ला लोकल सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. केमोसाठी परळला येणाऱ्या रुग्णाला त्या गाडीत चढायची मुभा मिळाली सप्टेंबरमध्ये.