पडदा नसलेला व्हिडिओ गेम

मोकळ्या जागेत पाच-सहा जण हातातला चमकता कंट्रोलर सांभाळत, जपून पावलं टाकत एकमेकांभोवती फिरतायत. जर्मन संगीतकार बाखचं संगीत रखडत, संथ चाललंय. अचानक लय वाढते, कुणीतरी झेप घेऊन दुसऱ्याच्या हातावर फटका मारतो आणि तो बाद! डग्लस विल्सन यांच्या ‘योहान सेबास्टियन जाउस्ट’ या खेळात पडदाच नाही, त्यामुळे बघायचं ते समोरच्या माणसाकडे.

सगळं काम करतो तो कंट्रोलरमधला अ‍ॅक्सेलरोमीटर, म्हणजे हिसका मोजणारी चिप. या चिपमध्ये सिलिकॉनच्या लवचिक पट्ट्यांवर एक सूक्ष्म वस्तुमान टांगलेलं असतं. चिपला हिसका बसला की ते किंचित मागे राहतं, शेजारच्या स्थिर पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं आणि त्यासोबत विद्युतधारकताही, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता; त्यावरून हिसका किती मोठा ते कळतं. हिसका ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की खेळाडू बाद. संगीत संथ असताना ही मर्यादा अगदी कमी असते, लय वाढली की ती सैल होते. फटका कुणी मारला, धक्का दिला की नाही, यातलं चिपला काही कळत नाही. तो निवाडा खेळणाऱ्यांनी आपसात करायचा. मला तर खरी गंमत यातच वाटते, कारण सेन्सरचं अज्ञान इथे नियमांची जागा घेतं.

डॅनिएल रोझिन यांचा १९९९ सालचा ‘वुडन मिरर’ हा लाकडी आरसा वेगळ्या वाटेने जातो. यात लाकडाचे ८३० तुकडे आहेत आणि प्रत्येकामागे एक मोटर. कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रतिमेनुसार तुकडे वर-खाली कलतात, त्यांच्यावरचा प्रकाश कमी-जास्त होतो आणि लाकडात तुमची आकृती उमटते. तुम्ही हललात की सगळा आरसा खडखडतो. हा खडखडाट काढून टाकला तर निम्मी मजा जाईल.

आता केळ्यांचा पियानो. जे सिल्व्हर आणि एरिक रोझेनबॉम यांनी २०१२ मध्ये आणलेल्या ‘मेकी मेकी’ बोर्डामुळे तो घरोघरी वाजू लागला. एका हातात बोर्डाची अर्थची वायर धरायची, दुसऱ्याने केळ्याला हात लावायचा. सर्किट पूर्ण होतं आणि संगणकाला वाटतं, कीबोर्डची कळ दाबली. पण माणूस आणि केळं म्हणजे काही तांब्याची तार नव्हे, दोघांचा मिळून रोध दहा लाख ओहमच्या घरात जाऊ शकतो. म्हणून बोर्डावर प्रत्येक इनपुटला तब्बल २२ मेगाओहमचा (म्हणजे २२० लाख ओहमचा) रोधक ५ व्होल्टला जोडलेला असतो. एरवी इनपुटवर ५ व्होल्ट दिसतात, स्पर्श झाला की जेमतेम ०.२ उरतात. शरीरातून वाहणारा प्रवाह मायक्रोअँपिअरच्या पाव भागाहूनही कमी, त्यामुळे भीती नाही.

मात्र रोधक इतका मोठा असला की इनपुटची तार अँटेना होऊन बसते आणि घरातल्या विजेची गुणगुण पकडते. उपाय म्हणजे लागोपाठच्या अनेक मोजण्यांची सरासरी काढायची. ती फार लांबवली तर सूर उशिरा वाजतो आणि वाजवणारा वैतागतो. साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत प्रतिसाद आला, तर तो आपल्याच बोटाने घडवल्यासारखा वाटतो.

त्यात कुणाचा हात कोरडा, कुणाचा घामेजलेला. एकच मर्यादा ठेवली तर तिच्या काठावर सूर थरथरत राहतो, चालू-बंद, चालू-बंद. म्हणून दोन मर्यादा ठेवतात: स्पर्श मानायला एक, सुटला म्हणायला दुसरी. या दोन्हींमध्ये अंतर किती ठेवायचं, ते अनोळखी लोकांचे हात लागल्यावरच ठरतं.