रक्तवाहिन्या आणि अवयवांची घडण

अवयवांना रक्त पोचवणे हे रक्तवाहिन्यांचे सर्वांना ठाऊक असलेले काम. अवयव घडवणे आणि इजा झाल्यावर तो पुन्हा उभा करणे, हे त्यांचे दुसरे काम. वाहिनीच्या आत एका पेशीइतक्या जाडीचा अंतःस्तर असतो. त्यातील पेशी प्रथिनांच्या रूपात संकेत सोडतात आणि शेजारच्या पेशी त्यांबरहुकूम वाढतात, थांबतात किंवा रूप पालटतात. हिडकल धरणाच्या कालव्यावर ऊस भिजवणाऱ्याला हे चटकन कळेल : रक्तवाहिनी हा नुसता पाट नाही, तीच पाणी सोडणारा पाटकरीही आहे.

गर्भात तर पाटाला पाणी येण्याआधीच हा पाटकरी कामाला लागतो. २००१ साली दोन संशोधक गटांनी हे दाखवले. अंतःस्तर पेशी नसलेल्या उंदराच्या गर्भात यकृताचा अंकुर धरला, पण पुढे वाढला नाही. निरोगी गर्भात त्या पेशी रक्त वाहू लागण्यापूर्वीच त्याला वाढवत होत्या. बेडकाच्या गर्भातून महाधमनी होणाऱ्या पेशी काढल्या, तेव्हा स्वादुपिंडात इन्सुलिन तयार झाले नाही. उलट, उंदरांत जादा रक्तवाहिन्या वाढवल्यावर जठरातही इन्सुलिनच्या पेशी उगवल्या. हा शेवटचा प्रयोग सर्वांत बोलका आहे. (बेळगावात कानावर पडणाऱ्या कन्नडात रक्तवाहिनीला ‘रक्तनाळ’ म्हणतात, मराठीत नाळ म्हणजे गर्भाला पोसणारी. दोन्ही अर्थ येथे एकत्र येतात.)

उंदराचे ७० टक्के यकृत कापले तरी ते पुन्हा भरून येते. तेथील सूक्ष्म वाहिन्यांचे संकेत यकृतपेशींना विभागायला लावतात, असे २०१० मध्ये दिसून आले. हाडांतही विशिष्ट केशवाहिन्या नव्या हाडाची घडण चालवतात. मात्र इजा वारंवार होत राहिली, तर हाच अंतःस्तर उलटे संकेत देतो आणि जागा तंतुमय व्रणऊतकाने भरते.

निपाणीसारख्या तंबाखूच्या मुलखात हा विषय पुस्तकी राहत नाही. विडी-सिगारेटमुळे वाहिन्या आकसतात व अंतःस्तर बिघडतो. बर्गरच्या रोगात हातापायांच्या वाहिन्या बंद पडून बोटे गमवावी लागू शकतात. ‘शुगर’ असलेल्यांची पायाची जखमही बऱ्याचदा वाहिन्या बिघडल्यानेच चिघळते. रक्तवाहिन्या वाढवणारे व्हीईजीएफ हे प्रथिन नुसते टोचून अपेक्षित गुण आलेला नाही : फुटणाऱ्या वाहिन्या कच्च्या, गळक्या निघतात. त्यामुळे पायाची जखम भरत नसेल, तर मलमपट्टी बदलत बसण्याआधी ध्वनिलहरींवर चालणाऱ्या डॉपलर यंत्राने पायातील रक्तप्रवाह तपासून घेणे आवश्यक असते.